डाळिंब फोडण्याची चाकरी

पोटासाठी माणसाला नाना प्रकारची कामे पत्करावी लागतात. परंतु दिवसभर एका जागी बसून निवडक फळे फोडावीत, त्यांचे अंतरंग न्याहाळावे, दोन-चार दाणे जिभेवर ठेवून नोंदवहीत चार अक्षरे खरडावीत आणि या उद्योगाबद्दल महिनाअखेर मेहनताना घ्यावा, अशीही चाकरी जगात असते, हे सरकारी शेतकी खात्यात उभी हयात घालवूनही मला ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर सांगोल्याकडील एका डाळिंब-निर्यातदाराने आपल्या पॅकहाऊसात नमुने तपासण्यासाठी मला बोलावले, तेव्हा फार तर एक हंगाम काढावा अशा बेताने मी गेलो, आणि तो हंगाम लांबत लांबत कित्येक वर्षांचा झाला. आसपासच्या गावांत ‘डाळिंबं खायचा पगार घेणारे साहेब’ अशी माझी ख्याती पसरली होती. ती खोडून काढण्याचा यत्न मी कधी केला नाही, कारण तीत तथ्यांश पुष्कळ होता.

कामाचा शिरस्ता असा. बागेतून गाडी आली, की त्या मालातील निरनिराळ्या क्रेटांतून, कोठे वरच्या थरातून, कोठे थेट तळातून, काही फळे मी स्वतः उचलीत असे. शेतकऱ्याने आपल्या हाताने पुढे केलेले फळ नमुना म्हणून कदापि स्वीकारू नये, हा या दफ्तराचा अलिखित कायदा होता. मग फळाचे वजन घ्यावयाचे, ते फोडावयाचे, दाण्यांचा रंग, पडद्यांचा रंग, बियांचा नरमपणा पाहावयाचा, रसाचा थेंब काचेवर घेऊन त्यातील साखरेचा अंश मोजावयाचा आणि सारे रकान्यांत उतरवून खाली सही करावयाची. सबंध गाडीचा निवाडा या मूठभर फळांच्या पोटात जे निघेल त्यावर अवलंबून असल्यामुळे, माझ्या समोरच्या बाकड्यावर बसलेल्या बागाईतदाराचे डोळे माझ्या मुद्रेवर नसत, सुरीच्या टोकावर असत. एक वयोवृद्ध बागवान आबा तर सुरी सालीला टेकताच मोठ्याने म्हणत, “फोडा सायेब, बिनघोर फोडा, माझ्या मालाला भ्या न्हाई.” त्यांचा माल खरोखरच उत्तम असे, तथापि फळ उघडेपर्यंत त्यांचाही श्वास अडकलेला असे, हे समोर बसलेल्या मला स्पष्ट दिसत होते.

फोडल्यावाचून निवाडा होत नाही, याचे कारण या फळाच्या स्वभावात आहे. आंबा गंधाने आपली अवस्था कळवितो, पेरू बोटाखाली किंचित दबून, केळे सालीच्या रंगाने. डाळिंबाला नाव घेण्याजोगा गंध नाही, आणि त्याची चिवट साल दाबली म्हणून काही सांगत नाही. त्यातून ते झाडावरून उतरल्यानंतर पिकत नाही. आंब्याप्रमाणे आढीत घालून, पेंढ्यात झाकून त्याची गोडी वाढविता येत नाही. कात्रीने देठ कापला त्या क्षणी जी गोडी आत भरलेली असेल तीच अखेरची. ‘भगवा’ जातीच्या फळाला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण 180 दिवस लागतात, आणि एवढ्या दीर्घ मुदतीत बाजारभावाच्या मोहाने वीसपंचवीस दिवस अलीकडे तोडलेले फळ बाहेरून कितीही लालबुंद दिसले तरी आत पाणचट निघते. जाणता बागाईतदार म्हणून काही चिन्हे पाहतो : फळाच्या बुडाशी असलेल्या मुकुटाच्या पाकळ्या आतल्या बाजूस मिटू लागतात, भरत चाललेल्या दाण्यांच्या रेट्याने वाटोळ्या अंगाला कंगोरे फुटतात आणि बाजू किंचित चपट्या होतात, टिचकी मारली असता आवाज धातूवर मारल्याप्रमाणे खणखणीत येतो. बाजारात फळ घेणाऱ्या गृहस्थाला यांतील दोन गोष्टी पुरेत : कंगोरे पाहावेत आणि हातात घेऊन आकाराच्या मानाने वजन पाहावे. सालीच्या तकाकीवर मात्र भाळू नये. अगदी गुळगुळीत, निर्दोष वाटोळे डाळिंब पाहून जे हुरळतात, त्यांच्या पदरी पुष्कळदा फिके दाणे येतात, हे मी त्यांच्या हिताखातर लिहून ठेवतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. डाळिंब कसे फोडावे, हा प्रश्न मला जितक्या सुशिक्षित माणसांनी विचारला, तितक्यांनी क्वचितच दुसऱ्या एखाद्या कृषिविषयाची पृच्छा केली असेल. आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा शिरस्ता एकच होता : फळ आडवे धरावयाचे, सुरी मधोमध ठेवावयाची, आणि आरपार दोन खांडे करावयाची. या पद्धतीने शेकडो दाणे चिरडतात, रस पाटावर, बाह्यांवर आणि भिंतीवर उडतो, आणि नंतर त्या दोन वाट्यांतून पडद्यांत अडकलेले दाणे नखांनी उकरून काढताना माणसाचा धीर सुटून तो ‘खायला छान, पण सोलायला कटकट’ असा कायमचा शेरा या फळावर मारून मोकळा होतो. हा दोष फळाचा नव्हे. निसर्गाने या फळाची वाटणी आधीच करून ठेवली आहे. आपण ती रेघ न पाहता आडवी दुसरी रेघ ओढतो, एवढेच.

ही वाटणी कशी आहे, ते समजून घेतले म्हणजे सुरी आपोआप योग्य जागी जाते. डाळिंब हा एक दुमजली वाडा आहे. मुकुटाकडच्या मजल्यावर बहुधा पाच ते सात, क्वचित अधिक, असे प्रशस्त खण असतात आणि देठाकडच्या मजल्यावर साधारण तीन लहान खण; दोहोंच्या दरम्यान एक तिरपा पडदा असतो आणि प्रत्येक दोन खणांच्या मध्ये पांढरा, पातळ, कडवट पडदा उभा असतो. दाणे या पडद्यांना चिकटलेले नसून सालीच्या आतील, अथवा मधल्या, मांसल पांढऱ्या गादीवर बसलेले असतात, आणि पूर्ण भरलेल्या फळात त्या गादीशी त्यांचे नाते इतके सैल झालेले असते, की अंगठ्याच्या हलक्या स्पर्शाने ते सुटून येतात. आपण ज्याला दाणा म्हणतो ते वस्तुतः एकेक बी असून तिचे बाहेरचे वेष्टन रसाने फुगलेले असते. म्हणून दाणा कापला गेला की त्याचे सर्वस्वच गेले, मागे काष्ठमय गाभा तेवढा उरतो.

माझी रीत पुढीलप्रमाणे होती, आणि ती मी पॅकहाऊसातील बायकांकडून, विशेषतः प्रतवारीच्या पट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या एका वडीलधाऱ्या आक्कांकडून उचलली, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. फळ देठावर उभे करावे, म्हणजे मुकुट वर येतो. मुकुटाच्या बाहेरून, त्याच्यापासून बोटभर अंतर राखून, सुरीच्या टोकाने सभोवार एक वर्तुळ आखावे. आखावे म्हणतो, कापावे म्हणत नाही, कारण टोक सालीच्या जाडीपलीकडे जाता कामा नये, आणि सालीची जाडी फार तर तीनचार मिलिमीटर असते. मग सुरीचे पाते किंचित तिरपे घालून ते झाकण उचकटावे. झाकण निघताच खाली पांढऱ्या पडद्यांच्या रेषा मध्यापासून परिघाकडे गेलेल्या दिसतात. जेथे जेथे पडदा सालीला मिळतो, तेथून मुकुटापासून देठापर्यंत सालीवर एकेक उथळ उभी रेघ ओढावी. पुष्कळदा या जागा बाहेरच्या कंगोऱ्यांवरूनच ओळखू येतात. आता सुरी बाजूला ठेवावी. तिचे काम संपले. दोन्ही अंगठे मध्याच्या पोकळीत घालून हलकेच बाहेरच्या बाजूस दाबले, की फळ आपल्याच खणांच्या रेषांवर उमलते, पडदे बोटांनी ओढून काढता येतात, आणि एकेक फाक दाण्यांनी भरलेली अशी हातात येते. या साऱ्या कृतीत दोन-चार दाण्यांपलीकडे नुकसान होऊ नये. त्याहून अधिक झाले तर समजावे की सुरी खोल गेली.

सुरीविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. प्रारंभी मी घरची लोखंडी सुरी नेत असे, आणि दुपारपर्यंत तिचे पाते व माझी बोटे अशी काळवंडत, की जणू कोणी दौत सांडली असावी. डाळिंबाच्या सालीत तुरट द्रव्ये विपुल असतात आणि लोखंडाशी त्यांचा संयोग होताच काळा रंग उतरतो; हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपले रंगारी कापडावर जो काळा रंग चढवीत, त्यामागेही हेच रसायन आहे. सालीचा हा डाग कपड्यावर पडला तर दाण्यांच्या लाल डागाहून तो अधिक हट्टी असतो, ही गोष्ट गृहिणींना बहुधा उशिरा कळते. नंतर मी पोलादी न गंजणारी सुरी वापरू लागलो, आणि नोंदवहीची पानेही त्यानंतर स्वच्छ राहू लागली.

फळ उमलल्यावर आत काय दिसेल, याचा अंदाज मात्र इतक्या वर्षांनंतरही मला कधी पूर्णतः बांधता आला नाही. बाहेरून राजबिंडे, आणि आत दाणे तपकिरी, बेचव, शिळ्या वासाचे, असा प्रकार झाडावर अधिक काळ रेंगाळलेल्या मोठ्या फळांत विशेष आढळे. सालीवर त्याची खूण नावालाही नसते. उन्हाचा चट्टा बसलेल्या अंगाखालचे दाणे पांढुरके असत आणि त्याच फळाच्या दुसऱ्या अंगाचे दाणे माणकासारखे लाल असत. शीतगृहात फार थंड हवेत, 5 अंश सेल्सिअसच्याही खाली, बराच काळ राहिलेल्या फळाचे पडदे पांढरे न राहता तपकिरी होतात. परदेशी जाणारा माल जहाजात आठवडेच्या आठवडे काढीत असल्यामुळे हे पडदे मी दाण्यांच्याही आधी पाहत असे. या सर्वांहून फसवा प्रकार म्हणजे काळा गाभा. फुलोऱ्याच्या वेळीच बुरशीचे बीजाणू फुलावाटे आत शिरतात, फळ धरते, वाढते, रंगते, आणि आत मात्र एक-दोन खण काजळीने भरल्यागत होऊन बसतात. प्रतवारीचे यंत्र त्या फळाला हिरवा कंदील दाखविते. आमच्या आक्का मात्र पट्ट्यावरून वाहत जाणाऱ्या फळांतून एखादे अचानक उचलीत आणि माझ्यापुढे ठेवीत : “हे आतनं गेलंय बघा, सायेब.” मी फोडी, आणि बहुतेक वेळा ते खरोखरीच गेलेले असे. “कसं ओळखलंत, आक्का?” असे विचारता त्या म्हणाल्या, “हाताला हलकं लागतंय. आन् वाजतंय बी निराळं.” ही परीक्षा कोणत्या नियमपुस्तिकेत लिहिलेली मला आढळली नाही, आणि मी ती शिकण्याचा प्रयत्न केला तरी आक्कांच्या पासंगाला पुरलो नाही.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे, कारण मी जी फळे फोडीत होतो त्यांचा वंश माझ्या डोळ्यांदेखत बदलला. माझ्या नोकरीच्या आरंभी सोलापूर जिल्ह्यात डाळिंब म्हणजे ‘गणेश’. डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड येथील फळप्रयोग केंद्रात ‘आळंदी’ या जुन्या प्रकारातून 1936 मध्ये निवडलेले हे वाण. ‘गणेश’ हे नाव त्याला 1970 मध्ये मिळाले. साल पिवळसर, दाणा गुलाबी, बी मऊ, चव निखळ गोड. 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी फळबागांची सांगड घातली आणि माण नदीच्या दोन्ही तीरांवरील मुरमाड, हलक्या, कोरड्या जमिनींवर, जेथे बाजरीचेही पीक रडतखडत येई, तेथे डाळिंबाचे खड्डे खणले जाऊ लागले. ते खड्डे मोजणे, रोपांची हजेरी घेणे, सातबाऱ्यावर नोंद झाली की नाही ते पाहणे, हे माझे त्या वेळचे काम. फळ फोडून पाहण्याची बुद्धी तेव्हा खात्याला नव्हती आणि मलाही नव्हती. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’ आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून निवडलेला ‘भगवा’ 2003-04 च्या सुमारास दिला, आणि चारसहा वर्षांत बागांचा रंगच पालटला : साल केशरी-लाल व जाड, म्हणून प्रवासास टिकाऊ, दाणा गडद लाल, बी मऊ. परदेशी ग्राहक डोळ्यांनी खातो, आणि त्याला हा रंग हवा होता. माझे खासगी मत विचाराल तर निव्वळ खाण्याच्या सुखात जुना ‘गणेश’ आजही मला उणा वाटत नाही. पण हे मत मी गाडीवाल्या बागाईतदारांसमोर कधी उच्चारले नाही, कारण त्यांचे कर्ज ‘भगव्या’ने फेडले होते. त्याच दशकात तेल्याने या भागाला ग्रासले. पानांवर तेलकट ठिपके, फळावर काळे डाग आणि त्या डागांतून उलणारी साल, अशा रूपाने आलेल्या या जिवाणूजन्य रोगाने उभ्या बागा कुऱ्हाडीखाली घातल्या. सोलापुरात 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, ते याच धामधुमीच्या काळात.

खाण्याच्या रीतींसंबंधी लिहावयाचे तर मनुष्यस्वभावाचेच वर्णन करावे लागेल. अर्धे कापलेले फळ तळहातावर पालथे धरून पाठीवर पळीने बडविणारे लोक आहेत. दाणे पडतात खरे, पण त्यांबरोबर पडद्यांचे तुकडेही पडतात आणि चार दाणे फुटतात. घाई असेल तर ही रीत क्षम्य आहे. पाण्याने भरलेल्या पातेल्यात फाका बुडवून दाणे मोकळे करण्याची रीत अधिक शहाणपणाची. दाणे तळाशी बसतात, पडदे वर तरंगतात, रस उडत नाही. मात्र दाणे लगेच निथळून घ्यावेत, नाही तर चव धुऊन निघते. बागेत काम करणारे गडी यांपैकी काहीच करीत नाहीत. तडकलेले फळ बाजारात जात नाही. पाण्याची पाळी चुकून एकदम भरपूर पाणी मिळाले, की भरत आलेले फळ उलते. आणि असे उललेले फळ, मुंग्यांनी वा माशांनी गाठले नसेल तर, बागेतील इतर फळांइतकेच, कधी कांकणभर अधिक गोड लागते. गडी ते हाताने दुभागतात, फाक तोंडाला लावतात आणि दाणे पडद्यासकट ओरपून पडदा थुंकतात. सुरी नाही, वाटी नाही. काही म्हातारी माणसे नरम झालेले फळ न फोडता हलक्या हाताने सर्व बाजूंनी चुरतात, मग सालीला बारीक भोक पाडून रस चोखतात. दात नसलेल्यांसाठी याहून सोयीची रीत मला ठाऊक नाही.

बी गिळावी की थुंकावी, हा वाद मी आमच्या बाकड्यावर अनेकदा ऐकला. कंदहारकडच्या टणक बियांच्या फळांशी ज्यांचा बालपणी परिचय झाला, ते आजही बी थुंकतात; ‘गणेश’ व ‘भगवा’ खाऊन वाढलेली पिढी चावून गिळते, आणि मलाही तेच योग्य वाटते, कारण मऊ बीचा किंचित करकरीतपणा हा या चवीचा अर्धा भाग आहे. दाण्यांवर साखर घालणे हा मात्र मला निव्वळ अन्याय वाटतो. मीठ चालेल, चिमूटभर. आणि उन्हाळ्यात गार दहीभातावर पसरलेल्या डाळिंबदाण्यांना तर तोड नाही. एक दाणा घेऊन चव पाहणाऱ्यांची मला गंमत वाटते. मुठीने खावे हे फळ. एका दाण्यात रस तो किती असणार? आमच्या काचेच्या यंत्रावर ‘भगव्या’चा रस पंधरा-सोळा अंश गोडी दाखवी, पण त्यातील आंबटपणाची धार यंत्र सांगत नसे, आणि चवीच्या रकान्यात मी जे लिहीत असे ते जिभेच्याच भरवशावर.

त्या नोंदवहीचा अखेरचा रकाना ‘नमुन्याची विल्हेवाट’ असा होता. परदेशी जाणाऱ्या मालाची प्रत्येक पेटी कोणत्या बागेतून आली हे मागाहून शोधता यावे म्हणून हिशेब मोठा काटेकोर ठेवावा लागे, आणि फोडलेले फळ मालात परत जाऊ नये, यासाठी त्या रकान्यात ‘नष्ट’ असा शब्द लिहून खाली सही करण्याचा हुकूम होता. दुपारी चहाच्या सुट्टीत आक्का एक मोठी परात घेऊन येत, दिवसभराच्या फाका त्यात ओतत, खराब खण निवडून टाकीत, आणि वरून मीठ भुरभुरून ती परात बायकांच्या घोळक्यात मधोमध ठेवीत. साली तेवढ्या वेगळ्या काढून कोणी ना कोणी वाळवण्यासाठी घरी नेई, खोकल्याला आणि पोराच्या पोटाला. एकदा वरून तपासणीस आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने ती वही चाळता चाळता मला विचारले, की नमुने नष्ट करण्याची आपली पद्धत नेमकी कोणती, जाळता की पुरता? परात तेव्हा भरलेलीच होती. आक्कांनी पदराने हात पुसले, ओंजळभर दाणे एका वाटीत काढले, आणि वाटी त्याच्यापुढे सरकवीत म्हणाल्या, “बसा की सायेब, तुमीबी थोडं नष्ट करा.”